सहा पाकळ्यांचा स्क्रू

धुलाईच्या कारखान्यात इस्त्रीच्या टेबलाशी दिवसभर उभं राहायचं काम, आणि काकूंचा उजवा पाय गुडघ्याखाली कृत्रिम. तरी त्यांनी कधी स्टूल मागितलं नाही. जुन्या पायाचा घोटा सैल झाला, की पर्समधली ॲलन-की काढायची, स्क्रूच्या सहाकोनी खड्ड्यात बसवून जरा आवळायची, पुन्हा इस्त्री हातात.

नवा पाय आला आणि थोड्याच दिवसांत घोटा डुगडुगू लागला. काकूंनी मोजा खाली सरकवला. स्क्रूच्या डोक्यावर साधी आडवी खाच नव्हती, अधिकच्या चिन्हाची नव्हती, सहाकोनही नव्हता. सहा पाकळ्यांची चांदणी, आणि तिच्या मधोमध बारीक खुंटी. कुठलीच किल्ली शिरेना.

"तो मुद्दाम तसा आहे," पाय बसवून देणाऱ्या केंद्रातला तंत्रज्ञ म्हणाला. "कुणीही उघडू नये म्हणून."

"कुणीही म्हणजे कोण?"

"म्हणजे... पेशंटनं."

"पाय माझा आणि किल्ली तुमच्या खणात?"

"तसा नियम आहे, काकू. पुढच्या महिन्यातली तारीख देतो."

काकूंच्या अंगाचा तिळपापड झाला. कुलूप चोरासाठी लावतात. आपल्याच पायाच्या चोर ठरलो आपण?

घरी धाकट्या जाऊबाईंनी सगळं ऐकून घेतलं. त्या हार्डवेअरच्या दुकानात कामाला होत्या. दुसऱ्या दिवशी येताना त्यांनी चांदणीच्या टोकाचा एक स्क्रूड्रायव्हर आणला. टोकाला भोक होतं. "खुंटी ह्या भोकात जाते, वहिनी. बघा बसतोय का."

चपखल बसला. घोटा आवळला गेला, पण काकूंचं डोकं आणखीच तापलं. "हे दुकानात उघड मिळतं?"

"ट्रे भरून पडलेत."

"म्हणजे ज्याला उघडायचंय तो उघडणारच. अडवलं ते फक्त मला."

दिलेल्या तारखेला त्या मुद्दाम केंद्रात गेल्या. बाकावर एक तरुण बाई भिंतीला धरून बसली होती; तिचाही घोटा तसाच हलत होता आणि नंबर यायला अवकाश होता. काकूंनी विचारलं, "आवळू का?" तिनं मान डोलावताच काकू स्क्रूड्रायव्हर घेऊन वाकल्या.

तेवढ्यात तंत्रज्ञ दारात आला. "काकू, हे इथं चालत नाही."

"तिलाही चालता येत नव्हतं," काकू मान वर न करता म्हणाल्या, "म्हणून तर आवळतेय."

त्यानं वॉरंटी जाईल असं बजावलं. काकूंनी स्क्रूड्रायव्हर पुसला, पर्समध्ये टाकला आणि केंद्राच्या मुख्य साहेबांच्या खोलीचं दार ठोठावलं. साधे सहाकोनी स्क्रू परत बसवा, हे काकूंना आज साहेबांच्या तोंडावर सांगायचं होतं.