पेठभर वाजलेला हॉर्न

दस्तगीर मिस्त्रीला मोठ्या मिशांची माणसं आवडत नसत. सातारा-सांगलीच्या मुलखात राहून अशी नावड बाळगणं म्हणजे रोजचं संकटच, कारण इथं मिशीला तेल लावल्याशिवाय माणूस उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही. पण दस्तगीरचा नाइलाज होता. मिशीखाली ओठ झाकले जात, आणि ओठ दिसले नाहीत की समोरचा काय बोलतो हे त्याला कळत नसे. दस्तगीर बहिरा होता. ठार बहिरा. आणि एवढ्या मोठ्या कराड गावात ही गोष्ट त्याच्या बायकोखेरीज कुणालाही ठाऊक नव्हती.

कान लढाईत गेले. ब्रह्मदेशाच्या रस्त्यावर त्याच्या पुढची लॉरी सुरुंगावर चढली आणि त्याचा डावा कान तिथंच संपला. उजवा मात्र थोडाफार चालत होता. पंचेचाळीस साली पलटणीतून सुटताना डॉक्टरनं विचारलं, तेव्हा कान खराब म्हटलं तर आणखी चार महिने दवाखान्यात ठेवतील या भीतीनं त्यानं ‘सगळं ठीक’ म्हणून सांगितलं. त्याला घरी यायची घाई झाली होती. घरी आल्यावर वर्षाच्या आत उजवा कानही मिटला. रहिमतबीला ते आधी कळलं. त्याच्या पाठीमागं तिच्या हातून भरली घागर पडली, पाणी त्याच्या टाचेपर्यंत वाहत गेलं, तेव्हा कुठं तो दचकून वळला. त्या दिवशी दोघंही जेवली नाहीत.

मोटारीच्या धंद्यात हात नंतर, कान आधी. इंजिन कुठं ठोकतंय, कुठं धापा टाकतंय, हे ऐकूनच सांगायचं असतं. बहिऱ्या मिस्त्रीकडं कोण आपली गाडी सोडेल? म्हणून दस्तगीरनं एक युक्ती काढली होती. लांब पेचकसाचं टोक तो चालत्या इंजिनाला लावायचा आणि मूठ दातांत धरायचा. दातांतून मस्तकात जो कंप जाई त्यावरून त्याला बिघाड उमगत असे, आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघे. बघणारे तोंडात बोट घालत. ‘दस्तगीर दातानं इंजिन वळखतोय गड्या!’ असं लोक कौतुकानं सांगत, आणि तो मान खाली घालून पेचकस पुसत राही.

बाकीचं रहिमतबी सांभाळी. वेशीबाहेर, घराला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडसमोर ती सूप घेऊन बसलेली असे. कुणी मागून हाक मारली की ती पदर डोक्यावर ओढी, म्हणजे त्यानं वळायचं. मिशीवालं गिऱ्हाईक असलं तर त्याचं बोलणं ती मान खाली घालून, आवाज न करता, ओठांनी पुन्हा बोलून दाखवी. बघणाऱ्याला वाटे, बाई निवडता निवडता पुटपुटतेय.

कडेगावच्या हंबीररावांच्या मिशा तर दोन्ही गालांवर पसरलेल्या. ऊस, गुऱ्हाळं, दोन विहिरी आणि हौस, या चारही गोष्टी त्यांच्याकडं भरपूर. सांगलीकडच्या एका सरदाराच्या मुलानं विकायला काढलेली दोन माणसांची उघडी विलायती मोटार त्यांनी हौसेनंच घेतली. पंधरा वर्षांची जुनी, हिरवी, जमिनीला टेकल्यासारखी बुटकी, बॉनेटवर कातडी पट्टा आवळलेला. त्या गाडीत हंबीरराव बसले की दुसऱ्या माणसाला जागा उरत नसे. गाडी पळायची छान, पण स्टिअरिंगच्या मधोमध असलेलं हॉर्नचं बटण कितीही दाबलं तरी गप्प. पेठेतनं जाताना हंबीररावांना तोंडानं ‘बाजूला, बाजूला’ ओरडावं लागे आणि त्यात त्यांचा सगळा रुबाब जाई.

शेहेचाळीस सालचा तो हिवाळा होता. हंबीरराव कराड ते पाटण अशी मोटार सर्व्हिस काढणार होते. दोन गाड्या येऊन उभ्या होत्या, मिस्त्री ठरायचा होता. त्यांनी दस्तगीरच्या शेडपुढं ती हिरवी गाडी आणून लावली आणि मिशांआडून काहीतरी बोलले. दस्तगीरनं हात पुसता पुसता रहिमतबीकडं पाहिलं. तिचे ओठ हलले.

‘हारन वाजता कर. सर्व्हिसच्या गाड्या मग कायमच्या तुझ्याच हाताखाली.’

कायमच्या. पलटणीतून आल्यापासून हा शब्द दस्तगीरला कुणी दिला नव्हता. आज एक बंद पडलेली लॉरी, उद्या कुणाचं तेलाचं इंजिन, परवा काहीच नाही, असं दीड वर्ष चाललं होतं. दोन गाड्यांची सर्व्हिस हातात आली तर गाड्या ओळखीच्या होतील, दातांना त्यांचा कंप पाठ होईल, आणि नव्या माणसांच्या तोंडाकडं डोळे फाडून बघत बसायची पाळी येणार नाही. त्याला तेवढंच हवं होतं. त्यानं सलाम केला आणि कामाला लागला.

स्टिअरिंगच्या मधली कडी काढली, बटण उचललं. खालची स्प्रिंग मेलेली, पितळी चकती काळी पडलेली. चकती त्यानं काचकागदानं लख्ख घासली, स्प्रिंग नवी बसवली. पण खरं दुखणं आत होतं. बटणापासून निघालेली तार स्टिअरिंगच्या दांड्यातल्या नळीतून खाली जात होती आणि तिच्यावरचं रबर हात लावताच भुग्यासारखं गळत होतं. त्यानं ती तार ओढून काढली आणि लष्करी लॉरीची जाड तार ओवली. नळीच्या तोंडाशी तार पत्र्याला घासू नये म्हणून एक रबरी कडं असतं, तेही फुटलं होतं. त्यासाठी तो सांगलीला जाऊन आला. दुकानदारानं मान हलवली, असल्या गाडीचं सामान आता कुठलं? शेवटी त्यानं जुन्या वहाणेच्या कातड्याचं कडं कापून बसवलं.

वाजवून बघायचं काम दोघांचं. रहिमतबी गाडीत चढून बटण दाबी आणि तो पुढं वाकून हॉर्नच्या झाकणावर तळहात ठेवी. तिसऱ्या दिवशी झाकण हाताखाली मधमाश्यांच्या पोळ्यासारखं भणाणलं. त्यानं वर पाहिलं. रहिमतबी दोन्ही कानांवर हात ठेवून हसत होती.

एक तपासणी मात्र राहिली होती. स्टिअरिंगचं चाक दोन्ही अंगांना पुरतं वळवून, गाडी चालवून बघायची. वळवताना तार आत पिळते, तेव्हा ती नीट राहते का, हे बघणं भाग होतं. पण त्याला कान हवेत. वाकळा धुवायला रहिमतबी कोयनेवर निघाली होती. “दुपारी येते. मग चक्कर मारू,” ती म्हणाली. त्यानं मान डोलावली.

ती जाऊन तासही झाला नसेल, तोच हंबीररावांचा माणूस ज्ञानू सायकलवरून आला. ज्ञानूला मिशी नव्हती, अल्लाची मेहेरबानी. “मिस्त्री, मोटार आत्ताच न्यायची हाय. मोटार-अड्ड्यावर सर्व्हिसचा नारळ फोडत्यात. मामलेदार आल्यात. रावसाब वाट बघत्यात!”

“दुपारी आणतो की.”

“आवं, दुपारी काय करू? हारन वाजतोय न्हवं?”

आता काय सांगायचं? माझी बायको नदीवर गेलीय, तिनं ऐकल्याशिवाय मला हॉर्न कळत नाही, असं? कुठलाही दुसरा मिस्त्री ‘थांब रं, एक फेरी मारून बघतो’ म्हणाला असता आणि त्या फेरीत सगळं उघड झालं असतं. दस्तगीरला फेरी मारून उपयोग नव्हता. त्यानं बटण दाबलं आणि ज्ञानूच्या तोंडाकडं पाहिलं. ज्ञानू चांगला हातभर मागं उडाला आणि दात काढून हसला. “व्हय की! लय खणखणीत!” एवढं म्हणून तो सायकल मारत पुढं गेला.

दस्तगीरनं कोट चढवला, टोपी नीट केली आणि गाडी बाहेर काढली. ऊन कोवळं होतं. वेशीतून आत शिरताना पहिलं वळण डावीकडचं. त्यानं चाक पुरतं वळवलं आणि सरळ केलं.

पेठेतले लोक त्याच्याकडं वळून बघू लागले. दुकानांतली माणसं पायरीवर आली. एकानं हात वर केला, दस्तगीरनंही सलाम केला. बैलगाडीवाल्यानं बैल घाईघाईनं कडेला घेतले. तोंडं हलत होती, हात हलत होते. एवढी सगळी तोंडं एकदम कशी वाचायची? गाडीचं कौतुक चाललंय असं त्याला वाटलं. दीड वर्षात पहिल्यांदाच तो छाती काढून बसला होता. त्याला फार बरं वाटत होतं, आणि तेच आठवून पुढं त्याला जिवंतपणी मेल्यासारखं होई.

चावडीपासून पुढं रस्ता अरुंद होतो. तिथं समोर एक मयत चाललं होतं, संगमावर निघालेलं. पेठेतल्या नाथाजीची आई गेली होती. मयताला ओलांडून पुढं जाऊ नये, एवढी रीत दस्तगीरला सांगायला नको होती. त्यानं गाडी अगदी हळू केली, चार हात अंतर ठेवलं, मान खाली घातली आणि तिरडीच्या मागून पावलापावलानं जाऊ लागला. म्हातारीनं लहानपणी त्याला गुळाचा खडा दिला होता, ते त्याला आठवलं. मनातल्या मनात त्यानं तिच्यासाठी दुवा मागितली.

मान वर केली तर तिरडी थांबली होती. खांदेकरी मागं बघत होते. त्यांच्या डोळ्यांत आग होती. आणि सगळ्यांच्या पुढं, हातात विस्तवाचं मडकं धरलेला नाथाजी वळला होता. मडकं धरणाऱ्यानं मागं वळून बघायचं नसतं. काही झालं तरी नाही. तो वळला होता, आणि माणसांतून वाट काढत गाडीकडं येत होता. धुरानं त्याचे डोळे लाल झाले होते. त्याच्या मिशा सुतकासाठी आदल्याच घटकेला उतरवलेल्या. त्याचा एकेक शब्द दस्तगीरला दिसला.

“माझ्या आईच्या मयतावर वाजीवतोस व्हय रं? बंद कर! बंद कर त्ये!”

दस्तगीरनं इंजिन बंद केलं. नाथाजी ओरडतच होता. आता बंद करायला काय राहिलं? दस्तगीरचे हात चाकावर होते. इंजिन थांबलं होतं, गाडी उभी होती, आणि तरी चाक थरथरत होतं. दरवाजाचा पत्रा थरथरत होता. त्यानं बटणाकडं पाहिलं. बटणाला तर त्यानं हातही लावला नव्हता.

वेशीतल्या वळणापासून. वहाणेचं कातडं सरकलं होतं, सोललेली तार पत्र्याला चिकटून बटण दाबून धरल्यासारखं झालं होतं, आणि अख्ख्या पेठेतून, चावडीवरून, या तिरडीमागून तो हॉर्न बोंबलत आला होता. सगळ्या गावानं ऐकला होता. त्यानं सलाम केले होते.

तो उडी मारून खाली आला आणि बॉनेटचा पट्टा सोडून हॉर्नची तार हिसडून तोडली. आवाज थांबला हे त्याला समोरच्या माणसांच्या तोंडावरून कळलं. “नाथाजी, मला ऐकू येत न्हाई,” तो म्हणाला. किती मोठ्यानं म्हणाला, कोण जाणे. “खुदाची आण, मला काईच ऐकू येत न्हाई.”

नाथाजी त्याच्याकडं बघत राहिला. मग मडकं सांभाळत पुढं गेला. मयत निघून गेलं.

हंबीरराव अड्ड्यावरून चालत आले होते. ते दस्तगीरच्या मागं उभे राहून हाका मारत होते, हे त्याला समोरच्या लोकांच्या नजरांवरून उमगलं, पण फार उशिरा. तो वळला तेव्हा हंबीररावांच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर त्यानं पाय धरले असते, शिव्या खाल्ल्या असत्या, काहीतरी केलं असतं. तिथं नुसती कीव होती. मिशा बराच वेळ हलल्या, मग हंबीररावांनी त्याच्या खांद्यावर थोपटलं आणि ज्ञानूला गाडी ढकलायला लावली. ते काय बोलले हे दस्तगीरला कधीच कळलं नाही. विचारायची गरजही नव्हती.

घरी आला तेव्हा रहिमतबी ओल्या वाकळांचा ढीग दारातच टाकून उभी होती. धापा टाकत होती. दोघं आत जाऊन बसली.

“तुला कुणी सांगितलं?” त्यानं विचारलं.

“कुणी न्हाई.” ती त्याच्या समोर आली, तोंड त्याच्याकडं करून सावकाश बोलली. “घाटावर ऐकू येत हुता. मी वळखला. वेशीत हुता, मग पेठेत, मग चावडीजवळ. पळत आले, आवं. पर तुमी पुढं, मी मागं. मग आवाज थांबला, तशी घरला वळले.”

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

“कसा वाजत हुता?”

तिला खोटं बोलता आलं असतं, बेसूर वाजत होता म्हणता आलं असतं. “चांगला,” ती म्हणाली. “लय चांगला वाजत हुता.”

तेव्हा दस्तगीर रडायला लागला. आपण रडतोय एवढं त्याला ठाऊक होतं, किती मोठ्यानं ते ठाऊक नव्हतं. रस्त्यानं जाणारी दोन माणसं थबकून घराकडं बघायला लागली, तेव्हा रहिमतबी उठली आणि तिनं दार लावून घेतलं.