माझ्या नावानं रडलेली बाई

बाबांना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हा त्यांना जीपमध्ये घालून कामरगावहून वाशीमला नेलं. वाटेतच ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं की बाबांना दवाखान्यात नेतेय, काही दिवस येणार नाही.

मी एका लहान सरकारी कार्यालयात कम्प्युटरवर जन्माचे दाखले काढते. दाखला माझ्या लॉगिननंच निघतो आणि त्याखाली माझं नाव येतं.

बाबांना घरी आणल्यावर कामावर गेले तर लॉगिन उघडेना. पासवर्डचं काम बघणारे दादा वाशीमच्या मुख्य कार्यालयात बसत. त्यांना फोन लावला.

"जय भीम, दादा. माझं लॉगिन होऊन नाही राह्यलं."

"ताई, तुमीच तर फोन केला होता ना दवाखान्यातून? ओटीपीसाठी नवीन नंबर टाकून देला मी," ते म्हणाले.

"मी नाही केला."

त्यांनी तिथूनच माझ्या लॉगिनची यादी उघडली.

माझ्या नावानं कितीतरी दाखले निघाले होते. त्यातलं एकही मूल आमच्या भागात जन्मलेलं नव्हतं. चौकशीला मला वाशीमला बोलावलं. समोर दादा बसले होते, खाली मान घालून. त्यांच्या मोबाईलमध्ये सगळे कॉल आपोआप रेकॉर्ड होत, म्हणून मी वाचले. चौकशी करणाऱ्या साहेबांनी तो कॉल लावला.

"जय भीम, दादा. कामरगावची बोलून राह्यली मी. बाबाले दवाखान्यात आनलं, मोबाईल घरीच राह्यला. काम अडलं तं साहेब मलेच बोलतीन."

आवाज माझा नव्हता. पण बोलणं माझंच होतं, 'दादा' म्हणण्याची लकबसुद्धा. मग ती रडायला लागली, हुंदके देऊन. दादा तिला समजावत होते, "रडू नको, बाई. बाबा बरे होतीन. सांग नंबर."

मी टेबलाच्या काचेखालचं कॅलेंडर बघत होते. बाबांना दवाखान्यात ठेवलं तेव्हा मी रडले नव्हते. गोळ्या आणल्या, सह्या केल्या, चादरी बदलल्या. माझ्या बाबांसाठी कोणीतरी रडलं होतं आणि ती ही बाई होती. राग यायला हवा होता, पण आला नाही.

"तुम्हाला आवाज ओळखता आला नाही?" साहेबांनी दादांना विचारलं.

"रडणाऱ्या मानसाचा आवाज कोन पारखते, साहेब?" दादा म्हणाले.

ती बाई सापडली नाही. ग्रुपवरची गोष्ट तिच्यापर्यंत कोणी नेली, तेही कळलं नाही. दादांची लेखी कानउघाडणी झाली. आता नियम असा, की कोणीही पासवर्ड किंवा नंबर बदलून मागितला तर फोन ठेवायचा आणि कार्यालयात नोंदलेल्या नंबरवर उलट फोन करून खात्री करायची. ग्रुपवर आता कोणी घरचं काही लिहीत नाही. परवा एकीच्या सासूबाई गेल्या, ते आम्हाला तेरवीनंतर कळलं.

मागच्या आठवड्यात माझ्या पासवर्डची मुदत संपली. मी फोन केला, दादांनी ठेवला आणि उलट लावला.

"पूर्ण नाव सांगा. जन्मतारीख. कर्मचारी क्रमांक."

मी सगळं सांगितलं.

"बराबर आहे," ते म्हणाले. बाबा कसे आहेत, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. लॉगिन उघडलं आणि खिडकीपाशी उभ्या असलेल्या बाईंचा अर्ज मी हातात घेतला.