माणिकबाईचा किलो

माणिकबाईच्या हाताला किलो कळतो. पातूरच्या शेतातला झेंडू अकोल्यात आणून विकण्यात तिची चाळीस वर्षं गेली. तिने ओंजळीने फुलं टाकावीत आणि तराजूचा काटा मधोमध थांबावा, हे गिऱ्हाइकांनी इतक्यांदा पाहिलेलं की तिच्या मापाकडे कुणी बघतच नसे. तिची कमाई म्हणाल तर हीच. बाकी दोन एकर आणि गुडघेदुखी.

यंदा तिच्या मुलाला, देवानंदला, शहाणपण सुचलं. जुना तराजू घरी ठेवून त्याने मोबाइलवरून चिनी इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. खंडेनवमीला अवजारं पुजतात, म्हणून माणिकबाईने सकाळीच काट्यालाही हळदकुंकू लावलं. ओल्या हळदीचं बोट पडद्याच्या कोपऱ्यावर, अंगठा खालच्या बटणावर. मग दसऱ्याच्या झेंडूची रास ओतली आणि विक्री सुरू.

पहिल्याच किलोला ती थबकली.

"देवा, हे किलो हलकं कावून लागून राहिलं रे?"

"माय, मशीन आहे ते. तुहा हात म्हातारा झाला आता."

पडद्यावर १.०० स्वच्छ दिसत होतं आणि समोर रांग होती. तिने मुलाचं ऐकलं. का ऐकलं, देव जाणे! चाळीस वर्षांचा हात एका सकाळच्या यंत्रापुढे खोटा ठरवायचा, तोही पोराच्या सांगण्यावरून?

दुपारी वामनरावांनी पिशवी समोर आणून आपटली. निवृत्त हेडमास्तर, तिचं जुनं गिऱ्हाईक.

"हा किलो? किराणावाल्याकडे तोलून आलो. अर्धा भरला. तुम्हीसुद्धा, माणिकबाई?"

रांगेतल्या चार बायकांनी आपापल्या पिशव्या हातात तोलून पाहिल्या. माणिकबाईला ते वामनरावांच्या बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

"काका, रस्त्यात सांडली असतील तुमची फुलं," देवानंद म्हणाला.

"माझी पिशवी फाटकी नाही, तुझी अक्कल फाटकी आहे!"

दोघांची जुंपली. तेवढ्यात सुनेने, प्रणालीने, पदराने पडद्यावरची हळद पुसली आणि तिच्याखालच्या खुणेवर मोबाइलचा कॅमेरा धरून अर्थ शोधला.

"आई, किलोच्या जागी हे चिनी अक्षर आलं. जिन. आपला शेर होता ना, तसं त्यांचं माप. अर्धाच किलो. तुमचा अंगठा बटणावर पडला असल."

मोबाइल हातात आला की पोरी थांबतात थोड्याच? ती पुढे वाचतच राहिली. "जुन्या जिनमध्ये सोळा लिआंग, आपल्या शेरात सोळा छटाक तसे. बारीकसारीक मोजत बसणाऱ्याले तिकडं जिन-जिन करणारा म्हणतात. अन् दोघं सारखेच असले, तर एक अर्धा जिन, दुसरा आठ लिआंग."

"मंग हे दोघं तेच!" माणिकबाई कडाडली. "गप बसा दोघंही!"

गुडघे धरत ती उठली आणि बाजारभर ऐकू जाईल असं ओरडली, "सकाळपासून ज्यानं माह्याकडून फुलं नेली, त्याले अर्धंच मिळालं. नेलं तितकं आणखी घेऊन जा!"

"माय, न नेलेलेही येतील ना!"

"येऊ दे. माहं नाव गेलं तुह्या मशीनीपायी. फुलं काय, पुन्हा लागतील."

आणि आले की! सकाळी जे फिरकलेही नव्हते तेही आले. "तुमी नव्हते सकाळी, पण न्या," असं तोंडावर सांगत ती ओंजळी भरत होती. काटा बाजूला पडला होता. वामनरावांची पाळी आली.

"तोलून द्या."

"नाही तोलत. भरवसा नसल तर जा पुन्हा किराण्यात."

भला माणूस खरंच गेला! दहा मिनिटांनी रांग मोडत परत आला आणि सगळ्यांदेखत एक झेंडू राशीवर ठेवून म्हणाला, "पाचशे सात ग्रॅम भरले. एक फूल जास्त आलं होतं."

रांगेतल्या बायकांनी पिशव्या पुढे केल्या. तोलायचं कुणी म्हणालं नाही.

"ठेवलं ना? मंग सरका आता," माणिकबाई म्हणाली. "मागं लोक उभे आहेत."