उबेत गोठणारे औषध

तूप असो वा मेण, उष्णता दिली की पातळ होते, असे मी दिल्लीच्या शाळेत वर्षानुवर्षे शिकवले. पत्नीच्या जखमेसाठी डॉक्टरांनी दिलेले जेल मात्र नेमके उलट वागणारे होते. फ्रिजमध्ये ते पाण्यासारखे राही, आणि शरीराची ऊब लागली की घट्ट होई. जखमेच्या खोलगट भागात ते ओतायचे. तिथे ते जमणार, आतले औषध हळूहळू सोडणार आणि शेवटी स्वतःच विरून जाणार. मधुमेहामुळे तिच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. याने गुण आला नाही तर अंगठा काढावा लागेल, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते.

मी तिला सारे समजावून दिले होते.

"अहो, मी तुमच्या नववीतली मुलगी नाही. फ्रिजमध्ये ठेवायचं, कळलं," ती म्हणाली होती.

ड्रेसिंगसाठी सिस्टर आमच्या नोएडातल्या घरी आली, तेव्हा बाहेर धुके होते आणि पत्नी हीटरपाशी बसलेली होती. सिस्टर हात धुवायला गेली. पत्नीने उठून फ्रिजमधून जेलची सिरिंज काढली आणि दोन्ही तळव्यांत घोळवू लागली. इन्सुलिनची गार बाटली ती रोज अशीच घोळवते. दुधाळ औषध नीट मिसळावे आणि टोचताना गार लागू नये, म्हणून. हातांनी सवयीचे काम केले. मी थांबवेपर्यंत उशीर झाला होता.

सिस्टरने दट्ट्या दाबून पाहिला. "आंटी, ये तो अंदर ही जम गया."

"थंड केल्यावर पुन्हा पातळ होईल," मी हिंदीत म्हणालो.

"होगा अंकल, पर मैं नहीं लगाऊँगी. डॉक्टर साहब से पूछिए."

डॉक्टरांनी फोनवर ते टाकून द्यायला सांगितले. नवे सोमवारी मिळणार होते. सिस्टर साधी पट्टी बांधून गेली.

"एरवी माझे हात गार म्हणून ओरडता," पत्नी म्हणाली, "आज शेकले, तर ही बक्षिसी."

मी हसलो आणि तिच्या पायावर शाल घालू लागलो. टाच कोमट होती. हात पुढे सरकला तसतसा पाय गार होत गेला, आणि पट्टीबाहेर उघडा राहिलेला अंगठ्याचा शेंडा तर फरशीसारखा थंड लागला. सिस्टरने काम रबरी हातमोजे घालून केले होते; तिला हा गारवा जाणवला नसावा. जेलला गोठायला जी ऊब हवी, ती या बोटात होती का? मी आतल्या खोलीत जाऊन डॉक्टरांना पुन्हा फोन केला.

त्यांनी बोटाचा रंग विचारला. मी पाहून आलो आणि सांगितला: फिकट, किंचित निळसर. "सोमवारपर्यंत थांबू नका. आजच आणा," ते म्हणाले.

"काय, दुसरं जेल मिळालं?" मी बाहेर येताच तिने विचारले.

"नाही. त्यांना पाय बघायचा आहे."

तिने माझ्याकडे पाहिले. कपाटातून पिशवी काढली आणि तीत रात्रीचे कपडे भरू लागली. ते भरायला मी सांगितले नव्हते.