येतो म्हणून गेलेला

आमच्या उचगावात घरातून निघताना कोणी ‘जातो’ म्हणत नाही. चुकून म्हटलं की आई उंबऱ्यातच अडवायची. “जातो न्हाय, येतो म्हण.” मेलेला माणूस जातो, जिवंत माणूस येतो, इतकं सोपं व्याकरण. ते मी इंग्लंडातल्या विद्यापीठात नेलं आणि तिथं एका बाईंचा अख्खा दिवस वाया घालवला.

त्या दिवशी मी फार कामात होतो. नऊला तास, अकराला प्रयोगशाळा, एक ते तीन कँटीनमध्ये ताटं विसळायची, मग वर्गापुढं पंधरा मिनिटं बोलायचं. घरी कधी पाण्याचा तांब्या स्वतः भरून न घेतलेला मी तिकडं ढीगभर ताटं विसळत होतो आणि आईला फोनवर ‘कँटीनचं बघतो’ असं सांगत होतो. ती बिचारी गल्लीभर सांगायची, पोरगं कँटीन चालवतंय.

शिवाय संध्याकाळी पाचच्या आत एक अर्ज द्यायचा होता. एम.एस्सी. संपत आली होती. पुढं तीन वर्षं तिथंच राहून पीएचडी करायची, तर अर्जावर माझ्या गाईड बाईंची सही हवी होती. सही नाही, तर बाडबिस्तरा गुंडाळून घरी.

साडेआठलाच बाईंच्या खोलीत डोकावलो. त्या फोनवर होत्या. त्यांनी हातानंच ‘दोन मिनिटं थांब’ अशी खूण केली. पण मोठ्या माणसाचं बोलणं चालू असताना दारात ताटकळणं मला बरं दिसेना, आणि तासाची वेळही होत आली होती. मी मान लववून म्हणालो, “आय ॲम कमिंग, मॅडम,” आणि सरळ निघून गेलो. बोललो मराठीच, वरचं सालपट तेवढं इंग्रजी.

तासाला डुलकी लागली. प्रयोगशाळेत नमुन्यांवर भलत्याच चिठ्ठ्या चिकटवल्या. कँटीनमध्ये बाही कोपरापर्यंत भिजली, तशाच ओल्या बाहीनं वर्गापुढं उभा राहिलो. एकानं प्रश्न विचारला, तो मला समजला नाही. “फार चांगला प्रश्न आहे,” असं म्हणून मी खाली बसलो.

पाचला वीस मिनिटं असताना धापा टाकत बाईंकडं पोचलो. बाई कोट घालून, पर्स मांडीवर घेऊन बसल्या होत्या.

“तू येतो म्हणालास,” त्या म्हणाल्या. “म्हणून मी थांबले.”

त्यांची त्या दिवशी अर्धी सुट्टी होती. त्यांची म्हातारी आई वृद्धाश्रमात असते, तिला भेटायला दुपारी जायचं होतं. आता भेटीची वेळ संपली होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी ‘येतो’ आणि ‘जातो’चा उलगडा करत बसलो. त्या रागावल्या असत्या तर परवडलं असतं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सही केली आणि पेनाला टोपण लावत विचारलं, “मग घरून निघताना आईला काय म्हणालास?”

“येतो म्हणालो.”

बाईंनी अर्ज माझ्या हातात दिला.

पाचाच्या ठोक्याला अर्ज दिला आणि बाहेर येऊन घरी फोन लावला. तिकडं जेवणं उरकली होती. तीन वर्षांची बातमी छाती फुगवून सांगायची होती, पण आईच आधी बोलली.

“तुझ्या पप्पांनी आज तुझी गाडी धुतली बघ. दर आठवड्याला चालू करून ठेवत्यात. बॅटरी उतरल म्हणत्यात.”

“कशाला? विकून टाका की.”

“व्हय? आन् आल्यावर चालत फिरणार हाईस? येतो म्हणून गेलायस न्हवं.”

वर्गापुढं पंधरा मिनिटं बोललो होतो, पण आईपुढं बातमीचं एक वाक्य मला जमेना. तिथंच पायरीवर बसलो आणि फोन लांब धरून रडलो.

“मग कवा येतोस?” तिनं विचारलं.

‘येतो’ हा शब्द काही केल्या तोंडातून निघेना, आणि ‘जातो’ म्हणायची आमच्यात रीत नाही. “ठेवतो,” म्हणालो आणि फोन ठेवला.