तुरटीचा गाळ

पूर्णेच्या वळणावरची जागा मी भांडून मिळवली होती. बापजाद्यांचं काही नव्हतं. मलकापूरच्या गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटं दाबून सौदे करत मी वर आलो, मग तिथे वीटभट्टी घातली आणि काठालगत घर बांधलं. महाराष्ट्र नवा होता. आमच्या वरच्या अंगाला सरकारी बंधारा झाला आणि लोक म्हणू लागले, आता नदी तुझा काठ कापणार. तेव्हापासून माझी झोप उडाली.

बंधाऱ्याच्या आवारात एका तरुण इंजिनिअर साहेबाने आमच्या नदीची छोटी नक्कल बांधली. विटा माझ्याच. तळाला वाळू, कडेला माती, माझ्या घराच्या जागी काडेपेटी. हौदाच्या पाण्यात नदीचा गाळ घोळून ते सोडायचं आणि गाळ कुठे बसतो, कुठून वाहून जातो ते बघायचं. चाचणीत काडेपेटीसमोर गाळाचा जाड थर बसला.

"तुमचा काठ उलट भरतोय," साहेब म्हणाला.

बायको पोटुशी होती. तिला माहेरी पाठवायचं मी रद्द केलं.

आषाढात पूर्णा चढू लागली. एका दुपारी आवारात गेलो, तर हौदात पाणी भरणारे पखालवाले चाचा त्यात काहीतरी फिरवत होते.

"काय करून राह्यले, चाचा?"

"तुरटी फिरवून राह्यलो, सेठ. मजूर हेच पाणी पेतात. गढूळ पाजू काय त्यायले?"

"रोज फिरवता?"

"हाव. पयल्या दिवसापासून. तुमच्या रांजणात नाही फिरवत काय?"

फिरवत होतोच. पावसाळ्यात घरोघरी तेच. पण मग मला काडेपेटीसमोरचा तो जाड थर आठवला. तुरटीने गाळ गोळा होतो आणि लगेच खाली बसतो. पूर्णेत तुरटी कोण फिरवणार होतं?

साहेबाला ओढतच आणलं. हौद रिकामा केला, चाचांनी तुरटी न फिरवता ताज्या पखाली ओतल्या, गाळ घोळून पाणी सोडलं. या खेपेला गाळ काडेपेटीसमोर थांबलाच नाही. धुरासारखा वळसा घेऊन तो पुढे गेला, खालची वाळू सरकली, काठ ढासळला आणि काडेपेटी वाहून गेली.

साहेब माझ्यावर उलटला. "जागेचा भाव पडू नये म्हणून तुम्हीच टाकायला लावली ना तुरटी? सौदेबाज माणूस!"

"अबे, माही बायको हाय त्या घरात!"

साहेबाला अबे म्हणालो. त्याची मला आजही लाज वाटत नाही. तसाच घराकडे धावलो.

बायको चुलीपुढे होती. "काल तं म्हनत होते, गाळ बसते म्हनून. आज कोनतं भूत लागलं?"

"ऊठ."

"भाकर तव्यावर हाय."

"जळू दे!"

तिचा हात धरून चढ चढलो. अर्ध्यावर मागून आवाज आला, सरकीचं पोतं गाडीवरून टाकावं तसा. ती वळून बघणार होती, मी बघू दिलं नाही. मग पुन्हा तसाच आवाज. चूल, तवा, घर, सगळं गेलं.

पाणी उतरल्यावर साहेब टेप घेऊन आला. तुटलेला काठ मोजला आणि खूश होऊन म्हणाला, "दुसरी चाचणी अगदी बरोबर निघाली."

बायकोची चौकशी त्याने केली नाही. सौदेबाज हा शब्दही मागे घेतला नाही. आणि मी? घरात कुणी रांजणात तुरटी फिरवायला घेतली, की मी अजून उठून बाहेर जातो.