डोहाकाठचा ड्रम

मानीबाईच्या बंजारा तांड्याखालच्या डोहात कासवं होती. बोंडअळीच्या त्या वर्षांत जो तो कपाशीवर औषध फवारायचा आणि डोहातच पंप धुवायचा. एका सकाळी मासे पोट वर करून तरंगताना दिसले, त्यांत एक कासवही होतं. तेव्हा साऱ्या तांड्यानं सेवालाल महाराजांपुढं शपथ घेतली, की डोहात पंप धुवायचा नाही. वर पडीत जमिनीत पंप धुवायला एक ड्रम ठेवला. घराघरानं पाळीपाळीनं तो पाण्यानं भरायचा ठरलं.

पाळ्या महिनाभर टिकल्या. मग एकटी मानीबाईच उरली. एका दुपारी ती घागर घेऊन उतरली, तर तिचाच लेक सुनील पाठीला पंप लावून डोहात गुडघाभर उभा.

"सुन्या, बाहीर ये!"

"याडी," त्यानं आईला त्यांच्या बोलीत हाक मारली, "डरम कोरडा हाय. पंप कुठं धुवू, तुह्या डोक्यावर?"

"घागरभर दम धर. पानी आलंच समज."

"सारा तांडा इथंच धुते. तुलेच कायले पुळका? कासव तुले म्हातारपणी पोसन काय?"

"तू तरी कुठं पोसून राह्यला?"

सुनील ओशाळून हसला. मानीबाईनं वाकून घागर भरली आणि चढ धरला. पुन्हा घरोघर जाऊन पाळ्या लावायचं त्राण आता तिच्यात नव्हतं.

ड्रमात पाणी ओतून ती वळली, तर सुनील मागोमाग वर आलेला. तिच्या हातची घागर त्यानं घेतली नाहीच. पण पंप न उघडता, पाणी भरायची वाट बघत तो ड्रमापाशी पाय पसरून बसला. देवाचं नाव घेत मानीबाई दुसऱ्या खेपेला उतरली.